दाजी आठ दिवस बरे होते, मग काय झालं? – ताण, मेंदू आणि दहावा दिवस

सीनाकाठचा
१९ जानेवारी, रात्री १०:४०

सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, संपत आला, जरा उसंत मिळाली म्हणून लिहायला बसलोय. विषय घरातला आहे. दाजींना विचारून लिहितोय. "लिही, पण माझं नाव नको, मला लोक ओळखतात," एवढीच त्यांची अट.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम लावून-दुरुस्त करून देणारे, आहेत. वीस-बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे घरात कुणी हळू बोललं तर "काय कुजबुज लावलीय" म्हणून ओरडणार. घर तिऱ्ह्यात, येणं-जाणं मोटारसायकलवर.

नोव्हेंबरच्या शेवटी दुसरी पाळी संपवून रात्री निघाले होते. देगावच्या पुढं उसाची ट्रॉली पंक्चर होऊन कडेला उभी. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. ब्रेक दाबला तशी गाडी घसरली, पाय गाडीखाली अडकला आणि ट्रॉलीवरच्या मोळ्या अंगावर आल्या. हलता येईना. चाळीसेक मिनिटं तसेच पडून होते. मागून आलेल्या लोकांनी मोळ्या ओढून बाहेर काढलं. एक्स-रे काढला तर हाड शाबूत. घोट्याला सूज आणि कोपराला खरचटलेलं, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी कामावर हजर. टपरीवर स्वतःच किस्सा रंगवायचे: "उसाखाली गेलो होतो, गूळ व्हायचा राहिलो."

बाराव्या-तेराव्या दिवसापासून सगळं फिरलं. पहाटे तीनला उठून पलंगावर बसून राहायचं. लूमच्या शेडच्या दारात गेलं की घाम. तुटलेला धागा डोळे झाकून जोडणारा माणूस, गाठ मारताना बोटं थरथरतात म्हणून दोन वेळा घरी आला. गाडी बंद. रस्त्यानं ऊस चालला की वासानं मळमळ. आणि परवा, ज्या माणसानं आयुष्यात नंदीध्वजांची मिरवणूक चुकवली नाही तो होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम सुरू व्हायच्या आधीच "चला घरी" म्हणाला.

आता लोक काय म्हणतात ते ऐका. नात्यातल्या एका बाईंनी नारळ-लिंबू उतरवून तिकाटण्यावर टाकलं. कारखान्यातला सुपरवायझर म्हणतो, कामाला कंटाळलेत. माझे वडील म्हणतात, मन खंबीर करा. पण सगळ्यांचा सवाल एकच: अहो, मग आठ दिवस बरे होते की! भ्यायचं तर तेव्हाच भ्यायचं ना?

खरं सांगतो, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर आणलं भाचीनं, म्हणजे दाजींच्याच मुलीनं. बी.एस्सी.ला झूऑलॉजी आहे तिला. तिनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चित्र काढून समजावलं. मला कळलं तसं लिहितोय, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात सुमंत्र चटर्जी या मेंदूशास्त्रज्ञानं ताणावर बरीच वर्षं काम केलं. मूळचा फिजिक्सचा माणूस, पुढं मेंदूकडं वळला. त्यांच्या गटानं उंदराला एकदाच, फक्त २ तास पिशवीत असं ठेवलं की त्याला हलता येऊ नये. इजा नाही, रक्त नाही. दुसऱ्या दिवशी मेंदू पाहिला तर फरक काहीच नाही. पण १० दिवसांनी पाहिला तेव्हा अमिग्डला नावाच्या भागातल्या पेशींवर नव्या बारीक कळ्या फुटलेल्या. अमिग्डला म्हणजे दोन्ही कानशिलांच्या आत खोल असलेला बदामाएवढा तुकडा, भीतीचा हिशेब ठेवणारा. झाडाच्या फांदीला डोळे फुटावेत तशा त्या कळ्या, आणि प्रत्येक कळी म्हणजे दुसऱ्या पेशीचा निरोप घ्यायची जागा. भीतीच्या खात्यात जागा वाढल्या. उंदीरही तोवर जास्त घाबरट झालेला. हे २००५ साली छापून आलं.

चाळीस मिनिटं आणि २ तास सारखे नाहीत, दाजी आणि उंदीरही सारखे नाहीत. तरी "हलता येऊ नये असं ठेवलं" हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

---

चाटी_गल्लीचा_चाटी
१९ जानेवारी, रात्री ११:०२

काय बे, लई भारी लिहिलंस. पण "गूळ व्हायचा राहिलो" वर हसू का रडू कळंना. दाजींना सांग, आमच्याकडून एक शेंगाचटणीचा डबा पोच होईल.

---

प्रत्यक्षप्रमाण
१९ जानेवारी, रात्री ११:३०

लेख मनापासून आहे, पण विरजण घालतो. उंदराला पिशवीत कोंबायचं, मग मेंदूचे काप करायचे आणि त्यावरून तिऱ्ह्याच्या माणसाचं निदान करायचं? उंदीर टपरीवर किस्से सांगत नाही. त्याला नोकरी जायची भीती नाही, पोरीची फी नाही. माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते उंदराच्या डोक्यात शोधणं म्हणजे चावी हरवली पार्क चौकात आणि शोधायची सात रस्त्याला, कारण तिथं दिवे आहेत.

---

रात्रपाळीची_डॉक्टर
२० जानेवारी, पहाटे २:१५

मी मानसोपचारात एम.डी. करतेय, ड्युटीवर आहे, वॉर्ड शांत आहे. म्हणून लांबलचक लिहिते.

प्रत्यक्षप्रमाण, पार्क चौकाचा दाखला आवडला. पण त्या गल्लीत दिवा का लावला हेही बघा. माणसाच्या मेंदूतल्या पेशीच्या एका फांदीवरच्या कळ्या दहाव्या दिवशी मोजायला कुणी मेंदू देणार नाही. स्कॅनमध्ये अख्खा भाग लहान-मोठा दिसतो, कळी दिसत नाही. त्यासाठी गोल्जीची रंगवायची पद्धत आहे, १८७३ सालची. तिची गंमत अशी की ती शेकड्यात एखाद-दुसरीच पेशी रंगवते. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा ठिपका दिसला असता. मोजक्याच रंगतात म्हणून एकेक पेशी मुळासकट काढलेल्या रोपासारखी वेगळी दिसते आणि तिच्या फांद्या मोजता येतात.

सीनाकाठचा यांनी एकवेळच्या ताणाचा प्रयोग सांगितला. त्याआधी, २००२ साली, याच गटानं रोजच्या ताणाचा प्रयोग केला होता आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. रोज २ तास, सलग १० दिवस. तोवर सगळं लक्ष हिप्पोकॅम्पसवर होतं. आठवण आणि प्रसंगाचा संदर्भ धरून ठेवणारा भाग. ताणानं तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात हे माहीत होतं. यांनी तोच उंदीर, तोच ताण ठेवून अमिग्डला पाहिला, तर तिथं उलटं! फांद्या लांबलेल्या. एकाच डोक्यात, एकाच त्रासानं एक शेजारी वाळतोय आणि दुसरा फोफावतोय.

२००४ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: ताण थांबवला तर? उंदरांना २१ दिवस निवांत ठेवलं. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पूर्ववत झाल्या. अमिग्डलाच्या झाल्या नाहीत, आणि उंदरांची भीतीही ओसरली नाही.

ओपीडीत रोज ऐकते मी, "मॅडम, आता तर सगळं संपलंय, कर्ज फिटलं, केस निकाली निघाली, मग ह्यांना अजून कसली भीती?" प्रसंग संपल्याची तारीख आणि मेंदूतून तो उतरल्याची तारीख एक नसते. उंदराच्या कापावरून मी निदान करत नाही. पण घरच्यांना "नाटक नाही" एवढं सांगायला मला या प्रयोगांचा आधार वाटतो.

एक दुरुस्ती. दाजींना पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक आजार) आहे असं इथं कुणी परस्पर ठरवू नका. त्या निदानासाठी लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली असावी लागतात, इतरही निकष आहेत. आता जानेवारी उजाडलाय, तेव्हा तपासायची वेळ झालीय हे मात्र खरं. कुणी झोपेच्या, "शांत राहायच्या" गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणून देत असेल तर देऊ नका. त्या प्रकारच्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ आजाराला त्यांचा उपयोग नाही.

---

सीनाकाठचा
२० जानेवारी, सकाळी ८:०५

डॉक्टर, खरं सांगतो, शेजारच्या मेडिकलवाल्यानं दिल्या होत्या. पाच-सहा दिवस रात्री अर्धी-अर्धी घेतली. बहिणीला आत्ताच फोन केला.

---

रात्रपाळीची_डॉक्टर
२० जानेवारी, सकाळी ८:२०

पाच-सहा दिवस अर्धी म्हणजे फार नाही, तरी गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन या आणि डॉक्टरांना दाखवा. नावावरून ठरवू. मी आता झोपते.

---

मोहोळचा_ऊस
२० जानेवारी, सकाळी ९:४०

वाईट झालं. पण ट्रॉलीवाल्याला लगेच दोषी धरू नये. पंक्चर काय सांगून होतं का? रात्री अकराला कारखान्याच्या यार्डात नंबर लावायचा, आठ-आठ तास वजनकाट्याची वाट बघायची. ट्रॅक्टरवाल्याला पण ताण असतो. त्याच्यावर कोण प्रयोग करतंय?

---

प्रत्यक्षप्रमाण
२० जानेवारी, सकाळी १०:१५

लाल पट्टी लावायला ताण लागत नाही, चिकटपट्टी लागते.

---

मोहोळचा_ऊस
२० जानेवारी, सकाळी १०:२२

तुम्ही कधी ऊस घातलाय का हो?

---

साखरपेठेतला_म्हातारा
२० जानेवारी, दुपारी १:५०

भांडू नका. मी पद्मशाली, घरात तेलुगू, शाळा मराठी. वडिलांचा हातमाग होता, मी यंत्रमाग चालवला, आता दोन्ही बंद. मेंदूतलं मला कळत नाही, ताणातलं कळतं.

तुम्ही सगळे जो "ताण" म्हणताय तो शब्द आम्ही रोज हातात धरलाय. मागावर उभा धागा तो ताणा. आडवा तो बाणा. जुन्या लूमला बीमच्या मागं साखळीला वजनं लटकवलेली असतात, ती ताण्याला ओढून धरतात. वजन काढलं तर धागे लोंबतात, कापड निघतच नाही. वजन जास्त झालं तर पटापट तुटतात. ताण वाईट असं विणकर कधी म्हणणार नाही. किती आणि कुठल्या धाग्यावर, हे बघणार. नवा कामगार बीम ताणतो तेव्हा तो पाच मिनिटात तुटत नाही. चार-सहा हात कापड निघतं, मग एकेक धागा जायला लागतो. मागं जाऊन बघायचं असतं, चूक पुढं नसते.

दाजी जॉबर आहेत ना, त्यांना या भाषेत सांगा. मेंदू-बिंदू नको.

---

चाटी_गल्लीचा_चाटी
२० जानेवारी, दुपारी २:०४

आजोबा, दंडवत. या धाग्याला तुमच्यासारखाच विणकर पाहिजे होता.

---

पुण्यातला_सोलापूरकर
२० जानेवारी, सायंकाळी ६:३०

आजोबांनी जे सांगितलं ते विज्ञानात कसं आलं हे थोडक्यात लिहितो, मला या इतिहासाचा नाद आहे.

१९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी "नेचर"मध्ये छोटंसं पत्र छापलं. थंडी, जखम, विष, काहीही द्या, उंदराचं शरीर ठरावीक पद्धतीनंच प्रतिसाद देतं: मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, पोटात व्रण होतात. इंग्रजीतला ताणाचा शब्द आधी लोखंडा-लाकडावरच्या दाबासाठी होता. आपला मागावरून आला म्हणा. सेल्ये यांचं लक्ष मानेखालच्या शरीरावर होतं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्रूस मॅकेवन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अ‍ॅड्रिनलमधून सुटलेलं ताणाचं संप्रेरक रक्तातून मेंदूत जाऊन हिप्पोकॅम्पसमध्ये टिकून राहतं. म्हणजे मेंदू फक्त हुकूम सोडत नाही, त्या हुकमाचा मार त्यालाही बसतो. याच मॅकेवननी १९९३ मध्ये एलियट स्टेलर यांच्यासोबत शरीरावर साठत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. एकेक प्रसंग छोटा, पण जुळवून घेता घेता यंत्र झिजतं. २०२० मध्ये ते गेले. चटर्जींच्या कित्येक शोधनिबंधांवर त्यांचंही नाव आहे.

मुंबईत टीआयएफआर या टाटांच्या नावाच्या संशोधन संस्थेत विदिता वैद्य आहेत, त्याही याच वाटेवरच्या. बाळपणीच्या अनुभवांनी आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनानं मेंदूच्या भावनिक वायरिंगवर काय होतं यावर त्यांचं काम आहे. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. परदेशातलं सगळं उसनं आणायला नको, एवढंच म्हणायचंय.

---

घरकुलातली
२० जानेवारी, रात्री ९:१५

मी पहिल्यांदा लिहिते. कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. आई विड्या वळते, मी शिकवण्या घेते.

दाजींच्या बाबतीत एक रात्र होती, तारीख सांगता येते. आईला कुठली तारीख सांगू? सकाळी पान भिजवायचं, कापायचं, दुपारभर वळायचं, संध्याकाळी कार्यालयात नेऊन द्यायचं. तिथं कुणीतरी शंभरातल्या किती "खराब" म्हणून बाजूला टाकणार ते त्या दिवशीच्या त्याच्या मूडवर. आई म्हणते, वळण्याचा त्रास नाही, टेबलासमोर उभं राहण्याचा आहे. तिचा हात तिथं कापतो. घरात नाही कापत.

डॉक्टर मॅडम, रोज थोडा थोडा असलेला ताण आणि एकदाच आलेला, यात मेंदूला फरक कळतो का?

---

रात्रपाळीची_डॉक्टर
२१ जानेवारी, रात्री १:४०

ताई, तुम्ही विचारलंत ते शोधनिबंधांना शोभेल असं आहे.

फरक कळतो. उंदरांत रोजच्या ताणानं अमिग्डलाच्या फांद्याही लांबतात आणि कळ्याही वाढतात, एकवेळच्या ताणानं फक्त कळ्या, त्याही दहा दिवसांनी, फांद्या तशाच. दोन वाटा वेगळ्या आहेत, शेवटी दोन्ही भीतीच्या गावालाच जातात. याच गटाच्या २०१५ च्या एका आढाव्याच्या शीर्षकाचा आशयच असा होता की शेजार महत्त्वाचा. ताण मेंदूत कुठल्या पेठेत शिरला यावर परिणाम ठरतो.

आईंनी टेबलाबद्दल जे सांगितलं त्यावर फार जुनं काम आहे. १९६८ च्या त्याच निबंधात मॅकेवनबरोबर जे वाइस नावाचे संशोधक होते, त्यांनी उंदरांच्या जोड्या घेतल्या. दोघांना विजेचा झटका अगदी सारखाच, सारख्याच वेळेला. फक्त एकाला चाक फिरवून तो थांबवता येत होता, दुसऱ्याचा झटका पहिल्यानं थांबवला की थांबायचा. ज्याच्या हातात काही नव्हतं त्याला पोटात व्रण जास्त झाले. आईच्या हातात वळणं आहे, छाननी नाही. कापतो तो हात नेमका तिथंच.

आणि एक उलटं वाटणारं सांगते, कारण लोक "कॉर्टिसॉल कमी करा" असल्या रील्स पाठवतात. कॉर्टिसॉल म्हणजे तेच अ‍ॅड्रिनलमधलं ताणाचं संप्रेरक. २०१२ मध्ये चटर्जींच्या गटानं उंदरांना ताण द्यायच्या आधी पिण्याच्या पाण्यातून त्यांच्यातलं ताणाचं संप्रेरक दिलं. अपेक्षा असेल की भीती वाढेल. झालं उलट: दहाव्या दिवशीच्या त्या कळ्या फुटल्याच नाहीत. आयसीयूतल्या गंभीर रुग्णांतही, हायड्रोकॉर्टिसोन (औषध म्हणून दिलेलं कॉर्टिसॉल) मिळालेल्यांना नंतर आघाताची लक्षणं कमी दिसल्याची नोंद होती, तिथूनच हा प्रयोग सुचला. म्हणजे ताणाचं संप्रेरक म्हणजे निव्वळ खलनायक नव्हे. आजोबांच्या बीमवरचं वजन! यावरून कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या खाऊ नयेत, हे सोलापुरात वेगळं सांगावं लागतं, माफ करा.

---

प्रत्यक्षप्रमाण
२१ जानेवारी, सकाळी ७:५०

मी उंदरांवर रुसलेलोच आहे, पण वाचत बसलो रात्री. माणसांवरचं एक सापडलं, ते तुमच्या बाजूनं आहे की माझ्या, तुम्हीच ठरवा. २००२ मधला जुळ्या भावांचा अभ्यास. एक भाऊ व्हिएतनाम युद्धावर गेलेला, त्याचा एकसारखा जुळा घरी राहिलेला. युद्धानं आजारी पडलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. पण घरी राहिलेल्या त्यांच्या भावांचाही लहानच होता! म्हणजे तो आघातानं आखडला असं सरळ म्हणता येत नाही, काहींचा आधीपासूनच तसा असावा आणि म्हणून ते जास्त सहज आजारी पडत असावेत. सगळं "ताणानं मेंदू बदलला" या एका खुंटीला टांगू नका.

---

रात्रपाळीची_डॉक्टर
२१ जानेवारी, दुपारी ३:१०

एकदम रास्त. हा अभ्यास मी वर्गात मांडला होता आणि सरांनी घाम काढला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात: काहींची माती आधीच भुसभुशीत असते, आणि पाऊसही पडतो. म्हणून तर त्याच रस्त्यावर दहा जण घसरले तरी दहाही जणांना दाजींसारखं होत नाही. पण मग "बाकीचे कसे ठणठणीत आहेत" हा टोमणाही बंद झाला पाहिजे. तो तुमच्याच पुराव्यानं बंद होतो.

---

अक्कलकोटची_अक्का
२१ जानेवारी, सायंकाळी ५:००

दाजींना गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला घेऊन या, प्रसादाला बसवा, मन शांत होईल. लिंबू उतरवलं त्यांना नावं ठेवू नका, त्या बाईला काळजी होती म्हणूनच उतरवलं ना? माझ्या धाकट्या जावेला असंच झालं होतं. आम्ही दोन वर्षं ठिकठिकाणी फिरवलं आणि गोळ्या मध्येच बंद केल्या. त्याची मला आजही बोच आहे. दर्शन करा, गोळी पण घ्या. देवाला चालतं.

---

नळ_कधी_येणार
२१ जानेवारी, सायंकाळी ५:२०

ताणावर धागा आहे आणि अजून कुणी पाण्याच्या पाळीबद्दल बोललं नाही? उजनी भरली तरी आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी, तेही रात्री दोनला. रात्री दोनला मोटर लावायला उठणाऱ्या बाईचा अमिग्डला बघा म्हणावं.

---

चाटी_गल्लीचा_चाटी
२१ जानेवारी, सायंकाळी ५:२४

हिला कुणीतरी वेगळा धागा काढून द्या बे.

---

सीनाकाठचा
२२ जानेवारी, रात्री ९:५५

काल दाजींना घेऊन ओपीडीला गेलो. रांग मोठी होती, पण डॉक्टरांनी पंधरा-वीस मिनिटं नीट ऐकलं. मेडिकलवाल्याच्या गोळ्या बंद. एक गोळी सुरू केलीय, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील म्हणाले. आणि दर आठवड्याला एकदा समुपदेशकाकडं बसायचं.

मी विचारलं, "तेव्हाच लगेच आणून सगळं बोलायला लावलं असतं तर हे टळलं असतं का?" तर म्हणाले, नाही. आघातानंतर लगेच माणसाला बसवून एका बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं फायदा होतो असं दिसलेलं नाही. जेवण, झोप, जवळ माणूस, आणि त्याला वाटेल तेव्हा बोलू देणं. मला हायसं वाटलं, कारण महिनाभर मी स्वतःला खात होतो.

कामाच्या ठिकाणी रजेसाठी कागद मागितला. तिथं उत्तर मिळालं, एक्स-रेत काही नाही तर रजा कशाची? डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा दिलंय.

---

पुण्यातला_सोलापूरकर
२२ जानेवारी, रात्री १०:३०

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं लिहिलेलं आहे. रजेला ते थेट लागू होत नाही, पण पॉलिसी असेल तर वाचून बघा. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ आहे, केंद्र सरकारचा, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. घरकुलातली ताई, आईंसाठीही.

---

घरकुलातली
२३ जानेवारी, सकाळी ७:३०

नंबर लिहून भिंतीला लावला. आई म्हणाली, "त्यांना विचार, टेबलावरच्या माणसाला पण लावता येतो का फोन."

---

सीनाकाठचा
१५ फेब्रुवारी, रात्री ८:४५

बरेच जण विचारताय म्हणून लिहितो. झोप सुधारलीय, पहाटे तीनचं आता पाचवर आलंय. गाडीला हात नाही अजून. परवा एसटीनं तिऱ्ह्याला गेले, खिडकीशी बसले. देगावच्या पुढं ट्रॉली आली तेव्हा पुढच्या सीटची दांडी धरली, पण उतरले नाहीत. आजोबांचं बीमचं उदाहरण वाचून दाखवलं, तर म्हणाले, "म्हातारा खरा विणकर आहे, वजन साखळीलाच असतं."

हा सगळा धागा त्यांनी काल रात्री मोबाईलवर स्वतः वाचला. आता फोन त्यांच्या हातात देतोय, त्यांना काहीतरी लिहायचंय. टायपिंग भाचीचं.

---

सीनाकाठचा
१५ फेब्रुवारी, रात्री ९:२०

नमस्कार. मी दाजी.

मेव्हण्यानं बरोबर लिहिलंय, पण दोन ठिकाणी चुकलंय. चाळीस मिनिटं होती का मला माहीत नाही. मला एक कुत्रं दिसत होतं, ते तीनदा येऊन वास घेऊन गेलं. मी तेवढंच मोजलं.

दुसरं, तुम्ही सगळ्यांनी लिहिलंय की पहिले आठ दिवस मी बरा होतो. डॉक्टर मॅडमनी पण ते धरून चाललंय. मी बरा नव्हतो. मला काहीच वाटत नव्हतं. टपरीवर गुळाचं बोलायचो तेव्हा लोक हसायचे, म्हणून मला कळायचं की इथं हसायचंय. बायको जेवायला वाढायची, तिखट आहे का अळणी ते कळत नव्हतं. भीती आली तेव्हा उलट, निदान काहीतरी आलं असं वाटलं. हे मी समुपदेशकांना सांगितलं, घरी पहिल्यांदा सांगतोय. पोरगी टाईप करता करता थांबलीय.

मोहोळवाल्या भाऊंना: मी तुमच्यावर रागावलो नाही. त्या रात्री मोळ्या काढणाऱ्यांत पहिला तो ट्रॅक्टरवालाच होता. त्याचे हात पानानं कापले होते. त्याचं नाव विचारायचं राहिलं.